तोळाभर शिसं

कंपनी सरकारने १८३३ साली तोळा पक्का केला तो १८० ग्रेनवर, ग्रेन म्हणजे इंग्रजी वजनांतलं बारीक माप. चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला, आणि सराफाच्या तागडीत रुपया हेच माप होऊन बसलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एक मासा बरोबर १५ ग्रेन. आता सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा.

हा हिशेब इथे काढायचं कारण असं, की रायफलीच्या गोळीचं वजन जगभर अजून ग्रेनमध्येच सांगतात. .३० बोअरच्या (म्हणजे आतून .३० इंच व्यासाच्या नळीच्या) शिकारी गोळीची नेहमीची वजनं १५०, १६५ आणि १८० ग्रेन. म्हणजे दहा मासे, अकरा मासे आणि बारा मासे. आहे हा निव्वळ योगायोग, पण उपयोगी. १८० ग्रेन म्हटलं की काही कळत नाही. जुना रुपया हातावर ठेवला की कळतं. एवढंच शिसं, लांबट करून, तांब्याच्या पातळ कातड्यात बसवलेलं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बंदूक म्हटली की डोळ्यांपुढे येते ती ठासणीची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. तिच्यानंतर बारा बोअर. आणि क्वचित एखाद्या घरात .३१५ ची रायफल. गोळीच्या वजनाचा जवळजवळ सगळा इतिहास या तीन हत्यारांत मावतो. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: वजन हा गोळीचा सुटा गुण नाही. नळीचा व्यास, गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या आट्यांचा (पिळदार खाचांचा) पीळ आणि मागची दारू यांनी मिळून लावलेला तो निकाल असतो. खोक्यावरचा आकडा एकटा वाचला की फसगत ठरलेली.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगितलं पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. भातात, नाचणीत किंवा कलमांत घुसलेलं रानडुक्करसुद्धा कलम ११ खालच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. काडतूस घरी भरायचं तर बंदुकीचा परवाना पुरत नाही, त्याला वेगळी रीतसर परवानगी लागते. म्हणून दारू किती भरावी याचे आकडे इथे नाहीत.

ठासणीच्या बंदुकीची गोळी गोल. गोल गोळीत वजन आणि व्यास एकमेकांना बांधलेले असतात, त्यात निवड नाही. शुद्ध शिशाची १२ मिलिमीटरची गोळी १०.३ ग्रॅम भरते आणि १५ मिलिमीटरची २० ग्रॅम. व्यास पावपट वाढला, वजन दुप्पट झालं. बारा बोअर हे नावही यातूनच आलं: नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी पौंडाला बारा. पौंडाचे ७००० ग्रेन, म्हणून एक गोळी ५८३ ग्रेनची, व्यास .७२९ इंच. जड गोळी हवी तर नळीच रुंद करायची, दुसरा मार्ग नव्हता. एकोणिसाव्या शतकात हत्तीसाठी चार बोअरच्या बंदुका झाल्या त्या याचमुळे. तिथे एकेक गोळी पाव पौंडाची.

आणि एवढं करूनही गोल गोळी खोल जात नाही. गोळी किती आत शिरेल याचा ढोबळ अंदाज काढायला वजनाला, पौंडात, व्यासाच्या वर्गाने भागतात, व्यास इंचांत. बारा बोअरच्या ५८३ ग्रेनच्या गोळीला हा आकडा येतो .१५७. आपल्या .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, तिचा खरा व्यास .३२३ इंच, तिला येतो .३३४. निम्म्याहूनही कमी वजनाची गोळी, पण एवढ्याशा तोंडामागे दुपटीहून जास्त भार. हवेतही हेच चालतं: गोल गोळीचा वेग झपाट्याने मरतो, लांबट गोळी तो राखून ठेवते. वजन वाचायला शिकायचं असेल तर हा एक भागाकार पुरे.

गोल गोळी ओतायची रीत साधी, पण तिच्यात चुकायला जागा भरपूर. शिसं ३२७ अंशांना वितळतं. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. फार तापला तर पृष्ठभाग दव पडल्यासारखा पांढुरका येतो. सुरकुत्यांची गोळी पुन्हा भांड्यात टाकावी, पांढुरकी बहुधा चालते. खरा दोष डोळ्यांना दिसत नाही, तो पोटात असतो: हवेचा बुडबुडा. त्यावर उपाय एकच, तोलणं. एकाच साच्यातल्या वीस गोळ्या तोलल्या तर बहुतेक एका आकड्याभोवती जमतात. जी एकटीच हलकी भरते ती पोकळ. जी जड भरते तिचा साचा नीट मिटला नव्हता. तिच्या शिवणीवर बोट फिरवलं तर जाड कड लागते. सगळ्याच गोळ्या हलक्या भरत असतील तर शिशात कथील किंवा अँटिमनी आहे. तशी गोळी कडक होते, आणि तोंडातून ठासताना त्रास देते.

कोकणात ओतकामाचा मोठा शत्रू पाणी. वितळलेल्या शिशात ओलसर तुकडा पडला की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं अंगावर उडतं. जाळ्याला लावायची जुनी शिशाची वजनं तर मिठाने आणि ओलीने भरलेली असतात. ती थंड भांड्यात घालून मग आच लावायची. वितळलेल्या शिशात वरून टाकायची नाहीत. पावसाळ्यात पडवीत हे काम करूच नये, एक पागोळी पुरते. जुन्या बॅटरीचं शिसं वर्ज्य. त्यात कॅल्शियम, आर्सेनिक, अँटिमनी असतं आणि मळीतून जीवघेणा वायू सुटू शकतो.

गोल गोळीची ही बेडी तुटली ती १८४९ च्या सुमारास, फ्रेंच लष्करी अधिकारी मिनिएच्या लांबट, बुडाशी पोकळ गोळीने. ठासताना ती नळीत सहज उतरायची आणि बार उडाला की बूड फुलून आट्यांत बसायची. १८५३ ची एनफिल्ड याच वंशातली: .५७७ बोअर, गोळी ५३० ग्रेनची, आट्यांचा पीळ ७८ इंचांत एक फेरा. १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून देश पेटला ती याच बंदुकीची.

त्याच दशकात जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने एक प्रयोग केला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवणारा वाटतो. त्याने वजन ५३० ग्रेनच ठेवलं, पण बोअर .४५१ वर आणला. तेवढंच शिसं अरुंद नळीत घालायचं तर गोळी लांब होणार. लांब गोळी हवेत डोलू नये म्हणून जास्त गिरकी लागणार. म्हणून पीळ केला २० इंचांत एक फेरा. दूरच्या पल्ल्यावर एनफिल्ड त्याच्यापुढे फिकी पडली. वजन तेच, आणि बाकी सगळं वेगळं. तरी लष्कराने ती घेतली नाही. काळ्या दारूची काजळी अरुंद नळीत लवकर साचते आणि काही बारांनंतर गोळी ठासताच येत नाही, ही मुख्य अडचण. मागून काडतूस भरायची सोय झाल्यावर तोच अरुंद बोअर परत आला: १८७१ ची मार्टिनी-हेन्री, .४५ ची नळी, ४८० ग्रेनची गोळी.

मग बिनधुराची दारू आली. १८८६ ची फ्रेंच लेबेल ८ मिलिमीटरची, गोळी २३२ ग्रेनची. पाठोपाठ ब्रिटिशांची थ्री-नॉट-थ्री (.३०३), गोळी २१५ ग्रेनची, बोथट नाकाची. वेग एवढा वाढला की नुसतं शिसं आट्यांत टिकेना, सोलून निघायला लागलं. म्हणून त्यावर कडक धातूचं वेष्टण आलं. आणि वेष्टणासोबत नवीच अडचण आली. गोळी न फुलता आरपार निघून जायची. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात नाकावरचं वेष्टण काढलेल्या गोळ्या झाल्या त्या यावर तोड म्हणून. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात फुलणाऱ्या गोळ्या निषिद्ध केल्या. शिकारीत मात्र उलटा नियम रुजला, कारण न फुलणाऱ्या गोळीने हरीण जखमी होऊन मैलभर जातं आणि जाळीत तडफडत मरतं. लष्करी काडतुसाची टोकं कानशीने घासून घरगुती ‘डमडम’ करायची खोड लोकांना लागली, ती मात्र फार वाईट. लष्करी गोळीचं वेष्टण बहुधा बुडाशी उघडं असतं. नाकही उघडं केलं की ती दोन्हीकडून मोकळी नळी होते. शिसं पुढे निघून जातं, वेष्टण नळीत अडकतं आणि पुढचा बार नळी फाडतो.

१९०५ च्या आसपास जर्मनांनी २२७ ग्रेनची बोथट गोळी टाकून १५४ ग्रेनची टोकदार घेतली. अमेरिकनांनी २२० वरून १५० वर उडी मारली आणि त्यातून .३०-०६ घडलं. ब्रिटिश १९१० मध्ये २१५ वरून १७४ वर आले. पण वजन हलकंच होत गेलं असंही नाही. हलकी गोळी सुरुवातीला सुसाट जाते आणि लांब पल्ल्यावर दम सोडते, हे मशीनगनवाल्यांना जाणवलं. मग जर्मन १९८ ग्रेनवर परतले, अमेरिकन १७२ च्या घरात गेले आणि पुढे पुन्हा १५० ला आले. त्यामुळे ‘आधुनिक म्हणजे हलकी’ हे जे सर्रास बोललं जातं ते खरं नाही.

शिकारी या धांदलीत फारसे पडले नाहीत. दाट रानात पन्नास पावलांवर वेगापेक्षा खोली महत्त्वाची, म्हणून ७ मिलिमीटर माउझरची १७३ ग्रेनची बोथट गोळी त्यांनी धरून ठेवली. याच काडतुसाला इंग्रजी बंदूककारांनी .२७५ म्हटलं आणि १४० ग्रेनची टोकदार गोळी देऊन विकलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटना १९०७ मध्ये भेट मिळालेली रिग्बी रायफल याच बोअरची.

हिंदुस्थानात वजनांवर कायद्याचाही हात फिरला. फौजी बोअरचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून सरकारने .४५० खाजगी वापरातून बाद केलं, थ्री-नॉट-थ्रीलाही बंदी. इंग्रज बंदूककारांनी मग .४६५, .४७० असे बोअर पुढे आणले. गंमत अशी, की .४५० नायट्रोची (बिनधुराच्या दारूवरच्या काडतुसाची) गोळी ४८० ग्रेनची होती आणि .४६५ ची पण ४८०. बोअर बदलला तो कायद्यासाठी. वजन ज्या कामासाठी ठरलं होतं ते काम बदललं नव्हतं. थ्री-नॉट-थ्रीच्या जागी आलं .३१५: मुळात ऑस्ट्रियाचं ८ मिलिमीटर मानलिखर, गोळी २४४ ग्रेनची. ईशापूरची रायफल आणि खडकीचं केएफ छापाचं काडतूस, आजही तेच. १८८० च्या दशकातल्या युरोपीय फौजेचं वजन आपल्याकडे परवान्यावर टिकून राहिलं आहे.

आपल्या भूगोलात हे वजन कसं वागतं, हा खरा प्रश्न. कोकणातली वाडी झाडीत विखुरलेली. काजूच्या बागेपलीकडे पाणंद, पाणंदीपलीकडे कुणाचं तरी मागलं दार. २४४ ग्रेनची लांबट गोळी डुकराच्या आरपार गेली तरी तिच्यात बराच जोर उरतो, आणि चुकली तर तिची धाव किलोमीटरांत मोजावी लागते. तीस-चाळीस मीटरच्या कामाला बारा बोअरची एक गोळी पुष्कळ झाली. ती लवकर दमते, आणि इथे तिचा तोच गुण. मात्र जांभ्याच्या गडग्यावरून तीही उसळते, म्हणून मागे माती किंवा चढ असल्याशिवाय बार काढू नये. आणखी एक: नळीच्या तोंडाशी चोक, म्हणजे मुद्दाम अरुंद केलेला भाग, असेल तर नळीभर व्यासाची गोल गोळी त्यातून काढायची नाही. फुल चोक जवळजवळ एक मिलिमीटरने अरुंद असतो. गोळी त्या चोकमधून मोकळी जाईल एवढ्याच व्यासाची हवी.

वजन आणि पीळ यांचं नातं न कळल्याने व्यापारीही पडले आहेत. १९१५ च्या सॅव्हेज कंपनीच्या .२५० काडतुसाची गोळी ८७ ग्रेनची. ते काडतूस आखणाऱ्या चार्ल्स न्यूटनला ती १०० ची हवी होती. पण ८७ ठेवली की वेग सेकंदाला ३००० फुटांचा भरतो आणि तो आकडा जाहिरातीत शोभतो, म्हणून कंपनीने ८७ घेतली आणि पीळही तिच्यापुरता, १४ इंचांत एक फेरा. जड गोळी त्या नळीत नीट गिरकी घेईना. १९५५ मध्ये रेमिंग्टनने .२४४ काढलं ते १२ इंचांच्या पिळाने, मुख्यतः ७५ आणि ९० ग्रेनसाठी. त्याच वर्षी विंचेस्टरच्या .२४३ ने १० इंचांचा पीळ देऊन १०० ग्रेनची गोळी विकली. हरणासाठी १०० ग्रेन हवं असलेले लोक तिकडे गेले. पुढे रेमिंग्टनने ९ इंचांचा पीळ देऊन तेच काडतूस नव्या नावाने आणलं, तोवर उशीर झाला होता.

पिळाचा हिशेब वूलविचच्या प्राध्यापक ग्रीनहिलने १८७९ मध्ये देऊन ठेवला आहे. व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा, सगळं इंचांत. .३०८ व्यासाची, सव्वा इंच लांबीची गोळी घेतली तर उत्तर येतं ११.४. म्हणजे ११.४ इंचांत निदान एक फेरा हवा. १० इंचांचा पीळ असेल तर काळजी नाही. या सूत्रात वजन कुठेच नाही हे बघावं. पिळाला लांबी कळते. आपण लांबीऐवजी वजन बोलतो कारण शिशाच्या गोळीत वजन वाढलं की लांबी वाढतेच.

काडतूस भरणाऱ्यांच्या बाबतीत वजनाची चूक सरळ जिवावर बेतते. गोळी जड केली आणि दारू तेवढीच ठेवली, तर गोळी जागची हलायला वेळ घेते आणि मागे दाब चढतो. शिवाय जड गोळी लांब असते; काडतुसाची एकूण लांबी तीच राखायची तर ती पुंगळीत खोल बसते, आतली जागा कमी होते, दाब आणखी वाढतो. म्हणून छापील कोष्टकात दर वजनाला वेगळा रकाना असतो, आणि त्याच वजनाच्या शुद्ध तांब्याच्या गोळीला आणखी वेगळा. १८० चा रकाना १६५ साठी चालतो का, असं विचारणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. तोलण्याचा काटा रोज ठरलेल्या वजनाने तपासायचा. डिजिटल काटा असेल तर पंखा बंद करायचा, वाऱ्याने आकडा नाचतो. बाजारातल्या चांगल्या गोळ्यांत अर्ध्या-एक ग्रेनचा फरक सापडतो. शंभर मीटरच्या शिकारी निशाण्यात तो दिसतही नाही, तिरकं बूड मात्र लगेच दिसतं. तोलत बसण्यापेक्षा गोळीचं बूड भिंगातून बघणं जास्त फायद्याचं.

किनाऱ्यावर पितळेचाही विचार हवा. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या. १९२१ मध्ये कारण नक्की झालं: ओढून घडवलेल्या पितळेत ताण राहिलेला असतो, आणि दमट हवेतला अमोनिया त्या ताणाच्या रेषेवर धातू फोडतो. अमोनिया यायचा तबेल्यांतल्या घोड्यांच्या मुतातून. आपल्याकडे गोठा घराला लागूनच असतो. काडतुसं गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा वरच्या माळ्यावर ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या डब्यात, गोठ्यापासून लांब. चामड्याच्या पट्ट्यात वर्षभर अडकवलेली तर नकोतच, तिथे हिरवा मळ धरतो. मानेजवळ केसाएवढी उभी रेघ दिसली तर ते काडतूस बाद.

वजनांचा इतिहास आता पुन्हा हलक्या बाजूला वळतो आहे, आणि या वेळी कारण गिधाडं. शिशाची गोळी अंगात फुटताना तिचे बारीक कण मांसात पसरतात. मागे टाकलेलं आतडं गिधाडांनी खाल्लं की शिसं त्यांच्या रक्तात जातं. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डॉर गिधाडांमुळे तिथे २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. आपली गिधाडं संपत आली ती मुख्यतः गुरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने. म्हसळ्याजवळ चिरगावच्या डोंगरात जी उरली आहेत त्यांना शिशाचा नवा घास नको, असं मला फार वाटतं. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, जुन्या पिळाला झेपत नाही, म्हणून १८० च्या जागी १५० किंवा १६५ घेतात. ती फुलताना तुकडे सोडत नाही, त्यामुळे हलकी असूनही खोल जाते. १९४८ मध्ये जॉन नॉस्लरने मधोमध आडवी भिंत असलेली गोळी विकायला काढली, ती याच वाटेवरची: पुढचं शिसं फुटलं तरी मागचं वजन शाबूत राहतं.

हातातल्या नळीचा पीळ किती, हे घरीच मोजता येतं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची. मुठीत गरगर फिरणारा साफसफाईचा गज घ्यायचा, त्याच्या टोकाला आट्यांत घट्ट बसेल असं कापड लावायचं आणि तोंडाकडून आत सारायचं. नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण, आणि गजाच्या वरच्या अंगावर दुसरी. आता गज हळू बाहेर ओढायचा. वरची खूण पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की थांबायचं, तोंडाशी पुन्हा खूण करायची आणि तोंडाजवळच्या दोन खुणांमधलं अंतर इंचांत मोजायचं. कापड सैल असेल तर ते आट्यांवरून घसरतं आणि अंतर खोटं, जास्त येतं. म्हणून तीनदा मोजून सर्वांत कमी आलेला आकडा धरावा.